न उघडलेली पाच पाकिटं: इंग्लंडमधला काउन्सिल टॅक्स आणि दारातला बेलिफ

गेल्या नोव्हेंबरच्या अखेरीस साताऱ्याच्या एका मुलाचा फोन आला. इथे एम.एस्सी. करून आता गोदामात रात्रपाळी करतो. आवाज कापत होता. "ताई, दारावर बेलिफ येणार म्हणतायत. मी काय कुणाचं बुडवलंय?"

त्याच्या घरी गेले. दाराच्या आत, चपलांच्या रॅकखाली टपालाचा ढीग होता. वर पिझ्झाच्या जाहिराती, खाली काउन्सिलची, म्हणजे इथल्या महापालिकेची, चार पाकिटं आणि एका वसुली कंपनीचं एक. पाकिटाच्या खिडकीतून त्याचंच नाव स्पष्ट दिसत होतं, तरी एकही फोडलेलं नव्हतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पाचही पत्रं तारखेनुसार मांडली: ऑगस्टमधलं बिल, सप्टेंबरचं स्मरणपत्र, ऑक्टोबरचं समन्स, नोव्हेंबरच्या सुरुवातीची कोर्टाच्या आदेशाची सूचना आणि शेवटी बेलिफची नोटीस. चार महिन्यांत कारवाई थेट जप्तीच्या नोटिशीपर्यंत आली होती आणि याला त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

हा मुलगा काही एकटा नाही. मार्च २०२४ अखेर एकट्या इंग्लंडमध्ये काउन्सिल टॅक्सची साचलेली थकबाकी ६ अब्ज पौंडांच्या घरात होती. कर दरवर्षी वाढतोच आहे. २०२५-२६ मध्ये इंग्लंडमधलं 'डी' या किंमतगटातल्या घराचं सरासरी बिल २,२८० पौंड झालं. बर्मिंगहॅमच्या काउन्सिलने सप्टेंबर २०२३ मध्ये हात वर केले आणि पुढच्या एप्रिलमध्ये कर एका दमात ९.९९ टक्क्यांनी वाढवला. तेव्हा हे प्रकरण मुळापासून समजून घेऊ. पुढचं सगळं इंग्लंडबद्दल आहे. वेल्समध्ये बरंचसं असंच चालतं, स्कॉटलंडचा कायदा मात्र वेगळा.

घरपट्टी घराची, हा कर राहणाऱ्याचा

आपल्या डोक्यात घरपट्टी असते आणि घोळ तिथूनच सुरू होतो. पुण्यात मालमत्ता कर मालकाचा. भाडेकरूला त्याचा कागदसुद्धा दिसत नाही. इंग्लंडमध्ये उलटं आहे. घर कुणाचं का असेना, जो तिथे राहतो तो कर भरतो. आख्खं घर एका करारावर भाड्याने घेतलंत, तर बिल तुमच्या नावावर. खोली-खोली वेगळ्या करारांवर दिलेल्या घरात मात्र बहुधा घरमालक जबाबदार असतो. म्हणून आधी भाडेकरार काढून बघा.

पैसे जातात कचरा, रस्ते, वाचनालयं, वृद्ध आणि अपंगांची देखभाल यांवर. पोलीस आणि अग्निशमनाचा वाटाही त्याच बिलात असतो. घरांचे 'ए' ते 'एच' असे आठ गट आहेत आणि गट ठरतो १ एप्रिल १९९१ रोजी त्या घराची किंमत किती असती यावर. हो, १९९१. गेल्या वर्षी बांधलेल्या इमारतीचीही तेव्हाची किंमत कल्पून गट लावतात. याआधी डोईपट्टीसारखा एक कर होता. त्याविरुद्ध मार्च १९९० मध्ये लंडनच्या ट्रफॅल्गर चौकात दंगल झाली. मग १९९३ पासून हा कर आला. त्या दंगलीनंतर घरांचं नव्याने मूल्यांकन करायला इंग्लंडमधला कुठलाही पक्ष धजावलेला नाही, असं आपलं माझं मत.

"पण विद्यार्थ्यांना तर माफ असतो ना?"

असतो. घरातले सगळे पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर कर शून्य. मात्र ही माफी आपोआप लागेल असं समजू नका. विद्यापीठाचं विद्यार्थी असल्याचं प्रमाणपत्र काउन्सिलला पोचलंय ना, हे आपण बघायचं.

खरी गोम आहे एकाचं शिक्षण संपतं तेव्हा. समजा तिघे एका घरात राहतात. दोघे अजून शिकतायत, एकाचा अभ्यासक्रम संपला. त्या दिवसापासून घरात कायद्याने 'मोजला जाणारा' प्रौढ एकच उरतो. एकटा प्रौढ म्हणून २५ टक्के सूट मिळते, पण उरलेला ७५ टक्के कर त्या एकट्याच्या माथी. बाकीचे दोघे कायद्याने देणं लागत नाहीत. मित्र माणुसकीने वाटून घेतील तर गोष्ट वेगळी. नोकरी लागायच्या आधीच हे बिल दारात पडतं.

आमच्या सातारकराचं अगदी हेच झालं होतं, वर काउन्सिलच्या दोन चुका. एक, त्यांनी अभ्यासक्रम जूनमध्ये संपला असं धरून १ जुलैपासून कर लावला होता. प्रत्यक्षात प्रबंध धरून अभ्यासक्रमाची अधिकृत तारीख होती १५ सप्टेंबर. दुसरी, घरातले बाकी दोघे विद्यार्थी आहेत याची त्यांना कल्पनाच नव्हती, म्हणून २५ टक्के सूट लागली नव्हती. म्हणजे ज्या रकमेच्या भीतीने पोरगा रात्रभर जागा होता, तिच्यातली बरीचशी तो देणंच लागत नव्हता. माफी आणि सूट मागच्या तारखेपासून लागू करून घेता येते, कोर्टाचा आदेश झाल्यावरसुद्धा. म्हणून थकबाकी दिसली की पैशांची जुळवाजुळव करण्याआधी आकडा बरोबर आहे का ते तपासा.

विद्यार्थ्याचा जोडीदार इथे असेल, तो ब्रिटिश नागरिक नसेल आणि त्याच्या व्हिसावर नोकरीची किंवा सरकारी मदत घेण्याची मनाई असेल, तर तोही मोजला जात नाही. हे फार थोड्यांना माहीत असतं.

व्हिसावरची ती ओळ

आपल्यातल्या बहुतेकांच्या व्हिसावर 'सरकारी निधीचा लाभ घेता येणार नाही' अशा अर्थाची अट असते. तिच्या धाकाने लोक हक्काची सूटही मागत नाहीत. एकट्या प्रौढाची २५ टक्के सूट आणि विद्यार्थ्यांची माफी हे सरकारी निधीत धरलं जात नाही. बिनधास्त मागा. कमी उत्पन्नावरून मिळणारी 'काउन्सिल टॅक्स रिडक्शन' नावाची सवलत मात्र त्या निधीत येते. ती मागितली तर व्हिसाची अट मोडते. नावं सारखी वाटतात, परिणाम मात्र अगदी वेगळे. फोनवरच्या कर्मचाऱ्याने आपुलकीने हा अर्ज सुचवला, तरी आधी व्हिसाची अट बघा.

एक हप्ता चुकला की काय होतं

बिल साधारणपणे एप्रिल ते जानेवारी अशा दहा हप्त्यांत येतं. मागितलं तर बारा हप्ते करून मिळतात आणि महिन्याचा भार हलका होतो. हप्ता ही सवलत आहे, आणि ती काढून घेता येते, हे इथे ध्यानात ठेवायचं. दहा जणांच्या भिशीत एक हप्ता चुकला की बाकीचे बोलतात, फार तर पुढच्या महिन्यात दोन भरायला लावतात. इथे पुढचे सगळे हप्ते एकदम मागतात.

हप्ता चुकला की स्मरणपत्र येतं. भरायला ७ दिवस. नाही भरलात तर त्यानंतर आणखी ७ दिवसांनी संपूर्ण वर्षाची उरलेली रक्कम एकदम देय होते. भरलात आणि वर्षात पुन्हा चुकलात, तर दुसरं स्मरणपत्र. तिसऱ्यांदा चुकलात तर स्मरणपत्र नाहीच, थेट अंतिम सूचना. त्यानंतर मॅजिस्ट्रेट कोर्टाचं समन्स, सुनावणीच्या किमान १४ दिवस आधी. सुनावणीत काउन्सिल मागते तो 'लायबिलिटी ऑर्डर', म्हणजे 'या माणसाकडे इतकं देणं आहे आणि ते वसूल करायला हरकत नाही' असा शिक्का. बेलिफ येतो तो या शिक्क्यानंतरच.

आता हिशेब मांडू. एकटी राहणारी बाई, वर्षाचं बिल १,७१० पौंड, हप्ता १७१. एप्रिलचा पहिलाच हप्ता चुकला आणि नंतरचं एकही पत्र तिने फोडलं नाही. १,७१० पूर्ण देय. कोर्टाचा खर्च प्रत्येक काउन्सिलचा वेगळा, आपण ९० धरू: १,८००. २०१४ च्या नियमांत ठरलेल्या दराने बेलिफकडे प्रकरण गेल्या गेल्या ७५ पौंड. तो दारात आला की २३५, शिवाय १,५०० च्या वरच्या रकमेवर साडेसात टक्के, म्हणजे इथे २२ पौंड ५० पेन्स. एकूण २,१३२ पौंड ५० पेन्स. सामान विकायची वेळ आली तर आणखी ११०, आणि पुन्हा ते साडेसात टक्के. सुरुवात १७१ पौंडांवरून झाली होती. (फी बदलू शकते, तुमच्या नोटिशीवरचा आकडा बघा.)

आपल्याकडे घरपट्टी थकली की महिना दोन टक्के शास्ती चढते, मग कधीतरी अभय योजना येते आणि दंडात घसघशीत सूट मिळते. पुण्यात तर थकबाकीदाराच्या दारात महापालिकेने बँडही वाजवलाय. अशा वातावरणात वाढलेल्या माणसाला 'बघू नंतर' म्हणायची सवय असते. इथे अभय योजना नाही. हे सगळं फार भराभर होतं, अशी टीका इथेही होते आहे. सरकारने २०२५ मध्ये बारा हप्ते मूळ पद्धत करण्याबद्दल आणि ही घाई कमी करण्याबद्दल लोकांची मतं मागवली होती.

"कोर्टात जाऊन सांगेन, पैसे नाहीत"

सांगून उपयोग नाही. तिथे मोजकेच बचाव चालतात: हा कर माझा नाही, मी तो भरलाय, सूचना कायद्याप्रमाणे पाठवली नाही, किंवा सहा वर्षांची मुदत उलटलीय. 'परवडत नाही' हा बचाव नाही. एकेका बैठकीत शेकडो नावांची यादी निकालात निघते. पण आकड्यात चूक असेल तर सुनावणीआधी काउन्सिलला लेखी कळवा आणि जमलं तर हजर राहा. कोर्टाबाहेर काउन्सिलची माणसं असतात. हप्ते बांधून घ्यायचं बोलणं बऱ्याचदा तिथेच होतं.

दोन दिलासे. हे फौजदारी प्रकरण नाही. आणि या आदेशाची नोंद तुमच्या क्रेडिट रेकॉर्डवर होत नाही.

पगारातून कपात: आयटीवाल्यांनी हे वाचाच

आदेशानंतर काउन्सिलकडे बेलिफ हा एकच मार्ग नसतो. ती थेट तुमच्या कंपनीला पगारातून पैसे कापायला सांगू शकते. कपातीचा तक्ता कायद्यात ठरलेला आहे. हातात येणारा मासिक पगार ३०० पौंडांपर्यंत असेल तर काहीच नाही, ९०० ते १,४२० मध्ये १२ टक्के, १,४२० ते २,०२० मध्ये १७ टक्के. त्यावर गेलात तर पहिल्या २,०२० वर १७ टक्के आणि वरच्या प्रत्येक पौंडातला अर्धा. हातात २,४०० येत असतील तर महिन्याला ५३३ पौंड ४० पेन्स गेले. भाडं भरायच्या आधी. शिवाय कंपनीच्या पगार विभागाला कळलं ते वेगळंच.

एक गोष्ट मात्र फायद्याची. एकाच आदेशाखाली पगारकपात चालू असताना त्याच वेळी बेलिफ लावता येत नाही. म्हणून काहीजण बेलिफची फी टाळायला काउन्सिलला स्वतःहून नोकरीची माहिती देतात. पगार कमी असेल तर हा सौदा वाईट नाही.

बेलिफ दारात येतो तेव्हा

'बेलिफ' शब्द आपल्याला कोर्टामुळे माहीत आहे. समन्स घेऊन येणारा, कधी जप्तीला पंच गोळा करणारा. इथल्या कायद्यात त्याचं नाव आता 'एन्फोर्समेंट एजंट' आहे. काउन्सिलने नेमलेल्या खासगी कंपनीचा माणूस, कोर्टाचं प्रमाणपत्र असलेला. पोलीस नव्हे. येण्याआधी त्याने नोटीस देऊन पूर्ण ७ दिवस सोडले पाहिजेत, रविवार आणि सरकारी सुट्ट्या वगळून. हे ७ दिवस तुमच्या हातातला सर्वात मोलाचा काळ, कारण तोवर फी ७५ वरच असते.

तो सकाळी ६ ते रात्री ९ या वेळात येऊ शकतो. पण काउन्सिल टॅक्ससाठी पहिल्यांदा आलेला बेलिफ कुलूप तोडू शकत नाही, तुम्हाला ढकलून आत घुसू शकत नाही, दारात पाय अडकवू शकत नाही, खिडकीतून चढू शकत नाही. घरात फक्त सोळा वर्षांखालची मुलं असतील तर त्याने माघारी फिरायचं. मात्र दार नुसतं लोटलेलं असेल तर तो ते ढकलून आत येऊ शकतो, आणि ते कायदेशीर ठरतं. मागचं दारसुद्धा. तेव्हा कडी लावा.

आपली अडचण वेगळीच आहे. कुणी दारात उभं राहिलं की आपण उंबऱ्यावर बोलत नाही, "आत या ना" म्हणतो. लेस्टरमधल्या एका मावशींनी तर बेलिफला बसवून चहा दिला होता. शांतपणे आत आलेला बेलिफ टीव्ही, सोफा, लॅपटॉप यांची यादी करू शकतो आणि तुमच्यापुढे एक करार ठेवतो. आपल्याकडच्या सुपूर्दनाम्यासारखाच: वस्तू घरातच राहणार, पण कायद्याने त्यांचा ताबा त्याच्याकडे. सही केलीत आणि नंतर हप्ता चुकला, तर पुढच्या वेळी तो दार तोडूनही आत येऊ शकतो. मावशींचा चहा सगळ्यात महागात पडला तो इथे.

म्हणून बोलायचं ते बंद दाराआडून, खिडकीतून किंवा फोनवर. ओळखपत्र टपालाच्या फटीतून दाखवायला सांगा. त्याचं नाव प्रमाणपत्रधारकांच्या सरकारी यादीत ऑनलाइन तपासता येतं. आत आलाच, तरी फ्रिज, शेगडी, वॉशिंग मशीन, कपडे, अंथरूण-पांघरूण यांना हात लावता येत नाही. कामाची अवजारं एकूण १,३५० पौंडांपर्यंत सुरक्षित. घरातल्या दुसऱ्याच्या मालकीच्या वस्तूही नेता येत नाहीत, पण पावती दाखवता आली पाहिजे.

खरा धोका बाहेर उभा असतो: गाडी. तिला चाकाचं कुलूप लावायला घरात शिरायची गरजच नाही. पोटासाठी गाडी लागत असेल आणि तिची किंमत त्या १,३५० च्या मर्यादेत बसत असेल तर ती अवजारांत धरली जाते. नवी गाडी बसत नाही.

"दार उघडलंच नाही तर प्रकरण मिटतं का?"

मिटत नाही. त्याची फेरी झाली की २३५ लागतातच. ठराविक फेऱ्यांनंतर कंपनी प्रकरण काउन्सिलकडे परत धाडते आणि काउन्सिल पगारकपात वगैरे दुसऱ्या वाटा धरते. घराचे मालक असाल तर घरावर बोजा चढवता येतो, ५,००० पौंडांच्या पुढे दिवाळखोरीचा अर्जही करता येतो. तुरुंग? इंग्लंडमध्ये तीन महिन्यांपर्यंतची तरतूद अजून कायद्यात आहे, पण मुद्दाम किंवा अक्षम्य हयगयीने भरलं नाही हे कोर्टाने तपासल्याशिवाय ती लावता येत नाही. वेल्सने ती २०१९ मध्ये रद्दच केली. तेव्हा कुणी दारातून "आत टाकीन" म्हणाला, तर त्याची तक्रार करा. बेलिफच्या वागण्याला काउन्सिलही जबाबदार असते. तिथे दाद लागली नाही तर पुढे स्थानिक प्रशासनाचा लोकपाल आहे.

मग करायचं काय

सातारकराच्या टेबलावर बसून आम्ही केलं ते सांगते. विद्यापीठाच्या पोर्टलवरून त्याचं प्रमाणपत्र उतरवलं, त्यावर १५ सप्टेंबर ही तारीख होती. दोन्ही मित्रांची प्रमाणपत्रं घेतली. तिन्ही प्रमाणपत्रं काउन्सिलला ईमेल केली, बिल दुरुस्त करा आणि तोवर वसुली थांबवा असं लिहून. तीच प्रत बेलिफ कंपनीलाही. मग काउन्सिलला फोन, बोलणाऱ्याचं नाव आणि वेळ लिहून ठेवली. नऊ दिवसांनी नवं बिल आलं, जवळजवळ निम्मं. कोर्टाचा खर्च काही माफ केला नाही त्यांनी, त्यावर तो अजून चिडलेला आहे. बाकीच्या रकमेचे सहा हप्ते बांधून दिले.

देणं खरंच असेल आणि पैसे खरंच नसतील, तर सिटिझन्स ॲडव्हाइस, स्टेपचेंज किंवा नॅशनल डेटलाइन या सल्ला देणाऱ्या संस्थांकडे जा. सल्ला फुकट असतो. मे २०२१ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये 'ब्रीदिंग स्पेस' नावाची योजना आहे. सल्लागारामार्फत अर्ज मंजूर झाला की ६० दिवस बेलिफसकट सगळा तगादा थांबतो. पैसे घेऊन कर्ज मिटवतो म्हणणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका.

आणि पैसे थोडेच असतील तर आधी चालू वर्षाचा हप्ता भरा, मग जुनं. जुनं फेडण्याच्या नादात नवं चुकलं की दुसरं समन्स, दुसरा खर्च. भरताना कुठल्या वर्षासाठी भरताय ते बघून त्याचा खातेक्रमांक नीट घाला.

"मी भारतात परत चाललोय, मग?"

विमानात बसलात तरी देणं इथे मागे राहतं, पुसलं जात नाही. पुन्हा इथे यायचं असेल, पुढेमागे नागरिकत्व मागायचं असेल, तर तिथे चारित्र्य बघताना पैशांचे व्यवहारही बघतात आणि न भरलेला कर अंगाशी येऊ शकतो.

घर सोडताना तारीख काउन्सिलला ऑनलाइन कळवा, भाडेकरार संपल्याचा कागद जोडा. नाहीतर तुम्ही कोल्हापुरात बसलेले असता आणि इथे तुमच्या नावावर बिल चढत राहतं. उलटही होतं बरं का. कर आगाऊ भरलेला असतो, माणूस मध्येच घर सोडतो, आणि परतावा द्यायला काउन्सिलकडे पत्ताच नसतो. माझ्या एका मैत्रिणीला असे १९४ पौंड दीड वर्षाने मिळाले. जुन्या घरात राहायला आलेल्या मुलीने तिच्या नावाचं पाकीट फेकून न देता फोटो काढून पाठवलं म्हणून.